बिनसांध्याची नवार

आमच्या सासऱ्याला सोलापुरात नावानं कोण वळखत नव्हतं. बिनसांध्याच्या नवारीवाला म्हणलं की साखर पेठंतलं शेंबडं पोरगं बी आमच्या बोळापातुर आणून सोडायचं. नाव सिद्धनाथ. मी मामा म्हणायची. मूळचं आमी सांगोल्याकडचं धनगर, चार पिढ्या घोंगडी इणणारं. बावन्नच्या दुष्काळात मेंढरं गेली, लोकर गेली, मंग मामानी हितं येऊन सुतावर हात बसवला. नवार म्हंजी खाटंला बांधायची चार बोटं रुंदीची जाड पट्टी. मामांची नवार साठ हात लांब, आन् मधी कुटं सांधा न्हाय, गाठ न्हाय. लोक हातानं चाचपून बगायचे आन् मान डोलवायचे.

मी मायाक्का, त्यांची थोरली सून. धाकटी कोण न्हायच, म्हणून थोरली. माझं तोंड फटकळ हाय हे मी आदीच सांगते, म्हंजी नंतर कुणी सांगायला नगं.

मामांचा एक नेम व्हता. नवारीला कात्री लावायची न्हाय. त्याला कारण बी तसंच. आमच्या घरात नवार एकाच येळंला कापत्यात. माणूस खाटंवरच गेलं, भुईवर घ्यायला येळ मिळाला न्हाय, तर त्या खाटंची नवार सोडत न्हायत. कापत्यात आन् दाराबाहीर टाकत्यात. दारात कापलेली नवार दिसली की आमच्या माणसांनी काय इचारायचं न्हाय, डोक्यावरचा पटका काढायचा. मामानी त्यांच्या आईची तशी कापली व्हती. त्यानंतर घरात कात्री ठेवली ती शिवणापुरती, आन् ती बी माझ्या ट्रंकंत.

आता आत्याचं सांगते. गोजाबाई, माझी सासू. आमचं दोघींचं कवा पटलं न्हाय. मी उठले की तिला वाटायचं उशिरा उठले, बसले की वाटायचं लवकर बसले. मी बी ऐकून घेणारी नव्हे. ती एक म्हणली की मी दोन. पण माझ्या बाळंतपणात ताप डोक्यात गेला तवा नऊ दिवस उशाला हीच बाई बसली व्हती. भांडण आपल्या जागी आन् माणूस आपल्या जागी.

मामांचं आन् तिचं तर बोलणंच मोजकं. "आगं ए", न्हायतर "ऐकलंस का". चाळीस वर्सं संसार झाला, पण मामानी तिला नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली न्हाय. आमच्यात जुन्या माणसांचं आसंच.

पंच्याहत्तर साली, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, आत्या नळावर घागर घेऊन घसरली. खुब्याचं हाड मोडलं. दवाखान्यात फोटो काढला, डाक्टरनी पायाला वजन बांधायला सांगितलं, दोन्ही बाजूला वाळूच्या पिशव्या लावल्या आन् म्हणले, "अडीच महिने पाठीवर. कूस बदलायची नाही, पाय हलवायचा नाही. हाड सरकलं तर या आयुष्यात उभ्या राहणार नाहीत."

घरी आणली. मामानी काय केलं आसंल? जे त्यास्नी येत व्हतं तेच केलं. तिला आणायच्या आदी खाट अंगणात काढली, लाकडाला पाय लावून नवार आशी ताणली की बोटानं वाजवली तर हलगीगत वाजावी. आमच्या धंद्यात तीच रीत. पावणा आला की खाट ताणून द्यायची. सैल खाट दिली म्हंजी पावण्याचा अपमान. पैसा टाकला तर टणकन उडाला पायजे. त्या दिवशी आख्ख्या सोलापुरात तसली ताठ खाट दुसरी नसंल. मामांच्या हाताला फोड आलं. घरातल्या कर्त्या बाईला त्यांनी पावण्याचा मान दिला. माया करायची म्हंजी ताणायचं, एवढंच त्या माणसाला ठावं.

आन् त्याच खाटंनं तिला खाल्लं.

तीन आठवडं झालं आन् तिचं अंग पुसताना मला वास आला. पाठीखाली हात घातला तर माकडहाडाजवळ कातडं ओलं लागलं. तिला हलवायचं न्हाय, म्हणून मीच खाटंखाली आडवी झाले, दिव्याची चिमणी धरली आन् नवारीच्या फटीतनं वर बगितलं. पाठीवर पट्ट्यांचं वळ उठलं व्हतं, आन् मधी रुपयाएवढी जखम. मी खाटंखालनं बाहीर आले ते कपाळाला हात लावूनच.

डाक्टर घरी आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "हे हाडापर्यंत गेलं तर मग खुबा जुळून काही उपयोग नाही. या वयात माणूस ह्यानंच जातं. कूस बदलता येत नाही ही खरी अडचण आहे. एका जागेवर दाब राहू देऊ नका. बघा काही जमतंय का."

बघा म्हणं. उंटावरनं शेळ्या हाकायला काय जातंय. पण माणूस चांगला व्हता, त्याच्याजवळ दुसरं काय नव्हतं म्हणून तसं बोलला.

मी मामास्नी सांगितलं, "खाट सैल करा."

मामा म्हणले, "सैल खाट आजाऱ्याला नसती द्यायची."

"मंग जखम देऊ का?"

त्यांनी नवारीचं टोक सोडलं आन् ढील दिली. झालं काय, एकसंध साठ हात नवार, एक टोक सुटलं की आख्खी खाट सुटती. आत्याची कंबर मधी बसली, खुबा वाकडा झाला आन् ती आशी वरडली की शेजारची गौरम्मा बिड्यांचं सूप टाकून पळत आली. मामानी पुन्ना ताणून घेतली. माझ्याकडं बगितलं आन् म्हणले, "झालं समाधान?" मी वाळूच्या पिशव्या पुन्ना सारख्या करायला बसले.

एकसंध नवार म्हंजी एक तर समदी ताठ, न्हायतर समदी सैल. मधलं काय न्हाय. त्यांच्या कौतुकाची जी गोष्ट, तीच आत्याच्या पाठीला लागलेली. हे मला कळत व्हतं, पण त्याच्या फुडं डोकं चालंना.

चाललं ते आत्याचं. दिवसभर पाठीवर पडून ती काय बगणार? आढं. आढ्याच्या कोपऱ्यात एका कोळ्यानं जाळं केलं व्हतं. मी दोनदा केरसुणी घेऊन गेले, दोनदा तिनं मला आडवलं. "ऱ्हाऊ दे त्याला. ह्या घरात मला न बोलता सोबत करणारा त्योच एकटा हाय."

एके दिवशी दुपारी तिला पेज पाजत व्हते. ती वरच बगत म्हणली, "सकाळी माशीनं त्याचं दोन धागं तोडलं. त्यानं काय केलं, ठावं हाय? तेवढंच दोन बांधलं. बाकीचं जाळं जागच्या जागी, आन् त्यो सोता त्याच्यावरच बसलेला. न्हायतर तुझा सासरा. एक टोक सोडलं की मी खड्ड्यात."

माझ्या हातातला चमचा तसाच ऱ्हायला. "आत्या, पुन्ना सांगा."

"काय पुन्ना? पेज गार व्हतीय."

मी उठून गौरम्माकडं गेले. गौरम्मा पद्मशाली, म्हंजी आंध्राकडच्या इणकरांतली, तिच्या घरात नवरा यंत्रमागावर आन् ती उंबऱ्यात बसून बिड्या वळणारी. तिला कोळशानं जमिनीवर काढून दाखवलं. एकसंध नवार नगं. आडव्या सुट्ट्या पट्ट्या, प्रत्येक येगळी, खाटंखाली येगळी बांधलेली. मंग जखमंखालची एक सोडायची, बाकीच्या ताठ. थोड्या येळानं ती बांधायची, दुसरी सोडायची. माणूस हलायचं न्हाय, हाड हलायचं न्हाय, दाबच तेवढा जागा बदलंल. गौरम्मानं रेघा बोटानं मोजून बगितल्या. मंग म्हणली, "मायाक्का, हे बरोबर हाय. पण पट्ट्या कुठनं आणणार? मामा कापून देणार?"

तेच तर.

मी मामास्नी सांगितलं. जेवताना सांगितलं, म्हंजी उठून जाणार न्हायत. त्यांनी घास ताटात ठेवला. "मी जित्ता हाय तवर तिच्या खालच्या नवारीला कात्री लागणार न्हाय. जित्या माणसाची नवार कापतीस? बोलावणं धाडतीस का यमाला?"

"मामा, यम आदीच खाटंखाली बसलाय. मी बगून आलेय."

"गप."

"तुमी एकदा बगा तरी. खाली वाका आन् बगा."

पण ते काय बगायला तयार व्हईनात. बायकूच्या उघड्या पाठीकडं बगायचं म्हंजी त्यास्नी मेल्याहून मेल्यासारखं. मला म्हणले, "आईची नवार मी ह्या हातानं कापलीय. मला सांगू नगं कापणं काय असतं." एवढं बोलून ते उठले. सुंभ जळंल पण पीळ जायचा न्हाय, आसलं ते माणूस. रागवावं का रडावं तेच कळंना.

जखम वाढत व्हती. रुपयाची आता गावठी आंब्याएवढी झाली. आत्याला रोज ताप. एक दिवस तिनं मला जवळ बोलवलं आन् म्हणली, "माझी नथ तुझ्या पोरीला दे." त्या शब्दांनी माझं डोकं फिरलं. चार वर्सं नथीसाठी मला टोमणे मारले आन् आता फुकट देतीय. मी म्हणलं, "नथ तुमीच घालायची तिच्या लग्नात. माझ्यावर जबाबदारी ढकलू नगा." आन् मी ठरवलं.

मागावर तवा साठ हाताची कोरी नवार तयार व्हती, निळ्या काठाची. बार्शीच्या एका यापाऱ्याच्या लेकीच्या पलंगासाठी मामानी ती महिनाभर इणली व्हती. सुताराचा पलंग मापात बसतोय का बगायला मंगळवारी सकाळच्या गाडीनं मामा बार्शीला गेले, सांजंला परत येणार. आमचं मालक गिरणीत दुसऱ्या पाळीला. तीनचा भोंगा झाला, ते डबा घेऊन गेले, आन् मी ट्रंक उघडून कात्री काढली.

पहिली कात्री लावताना मागं फुडं बगितलं का? न्हाय. खोटं कशाला सांगू. लग्नात कापड घेताना जसं मोजून फाडत्यात तसं मी मोजलं. खाटंची रुंदी आन् खाली बांधायला टोकं, तीन हाताला एक. अशा सतरा पट्ट्या. मामांचं महिन्याचं काम माझ्या पायाशी तुकडं तुकडं पडलं. मी म्हणलं, आता परतीची वाट न्हाय, आता फुडंच.

खरं आवघड काम फुडं व्हतं. आत्याला न हलवता पट्ट्या तिच्या अंगाखाली घालायच्या. मामांची नवार ठोकायची फळी व्हती, वर्सानुवर्सं हात लागून काचंवाणी गुळगुळीत झालेली. पट्टीचं टोक फळीला बांधायचं, मी जुनी नवार हातानं दाबायची आन् गौरम्मानं पलीकडनं फळी सरकवायची. आली की दोन्ही टोकं खाटंखाली ओढून गाठ मारायची. गाठ कुठली? आमची कोकरं बांधायची सुरगाठ. कोकरानं ओढली तर घट्ट, आपण शेपूट ओढलं की मोकळी. दुष्काळात मेंढरं गेली, गाठ ऱ्हायली व्हती, ती कामाला आली.

"जुनी आजून खालीच हाय का?" आत्यानं इचारलं.

"हाय. सतरा नव्या बांधून झाल्याबिगर जुनीला हात लावत न्हाय. तुमच्या कोळ्यावाणी."

"माझं नाव काढ की कुटंतरी."

"बऱ्या व्हा, मंग काढते."

सतरावी बांधून झाली तवा साडेपाच वाजलं आसतील. मी खाटंखाली आडवी झाले आन् जुनी नवार खालनं कापायला लागले; सोडली असती तर साठ हात तिच्या अंगाखालनं ओढावी लागली असती. पहिल्या तुकड्याला खाट करकरली. गौरम्मानं आत्याच्या खुब्यावर हात ठेवला व्हता. ती म्हणली, "न्हाय हलली. काप." मी कापत गेले. शेवटच्या तुकड्याला जोर लावला आन् कात्री माझ्या अंगठ्यात घुसली. रक्ताची धार.

आत्या वरनं म्हणली, "जाळं दाब त्याच्यावर, थांबतंय."

मी उठून आढ्याच्या कोपऱ्याकडं हात नेला.

"त्याचं नगं. मागाच्या मागं बग, तितं ढीगभर हाय. तुला झाडायला कुटं येतंय."

मरायला टेकली तरी टोमणा सुटंना. मी मागामागचं जाळं काढून अंगठ्यावर दाबलं. रक्त थांबलं. मंग माकडहाडाखालच्या दोन पट्ट्यांची शेपटं ओढली. पट्ट्या लोंबल्या. तिची पाठ तिथल्या तिथं, फक्त जखम मोकळी हवेत. आत्यानं डोळं मिटलं आन् एवढंच म्हणली, "आई गं." सव्वा महिन्यानं पहिल्यांदा तिचं दुखणं थांबलं व्हतं. मी खाली बसून पदरात तोंड घालून रडले. गौरम्माला सांगितलं, अंगठा दुखतोय म्हणून.

ह्या सगळ्यात एक चूक केली मी. कापलेली जुनी नवार, पू लागलेली, वास मारणारी, घरात ठेववंना म्हणून दाराबाहीर टाकली. डोक्यात तवा दुसरं काय नव्हतं.

दिवस कलला आन् मामा बोळात शिरले. हातात पिशवी, पिशवीत आत्यासाठी बार्शीहून आणलेली साखरंची चिकी. दारात आले. कापलेली नवार बगितली.

मी मागच्या बाजूला हात धूत व्हते, मला पिशवी पडल्याचा आवाज आला. मंग मामांचा. आसला आवाज मी त्यांचा कवा ऐकला नव्हता. पटका काढून त्यांनी छातीशी धरला आन् दारातच बसले. "गोजा," म्हणले. "गोजा, मला टाकून गेलीस गं. मी एकटा काय करू गं गोजा. माझ्या आदी जायचं ठरलं नव्हतं गं आपलं." बोळातली माणसं बाहीर आली. मामा भिताडावर डोकं टेकवून नावानं हाका मारत ऱ्हायले, चाळीस वर्सांच्या राखून ठेवलेल्या.

तेवढ्यात आतनं आत्याचा आवाज आला. "मायाक्का, कोण मेलं गं दारात, बग."

गौरम्मानं तोंडात पदर कोंबला. बोळातली दोन माणसं तोंड फिरवून उभी ऱ्हायली. मामा तसंच बसले, तोंड उघडं, डोळ्यांतनं पाणी. मंग हळूहळू उठले, पटका डोक्यावर घातला आन् आत आले.

आत काय बगितलं? आत्या जित्ती. खाटंवर निळ्या काठाच्या पट्ट्या, बार्शीच्या. मागावर काय न्हाय. त्यांनी माझ्याकडं बगितलं आन् मला वाटलं आता हात उचलत्यात. उचलला न्हाय. हळू आवाजात म्हणले, "माझी नवार कापलीस. तिच्या खालची बी कापलीस. मला न इचारता."

"इचारलं व्हतं. तुमी न्हाय म्हणला व्हता."

"घरातनं चालती हो."

तवा आत्या बोलली. "तिला घालवायच्या आदी माझी पाठ बगा." मामा जागचं हललं न्हायत. ती पुन्ना म्हणली, "आवो, बगा म्हणते. लाजायचं वय ऱ्हायलं का आपलं? मी त्या नवारीवर मेले असते तर मंग बगणार व्हता का?"

मामा खाटंखाली आडवं झाले. मी दिव्याची चिमणी त्यांच्या हातात दिली. बाहीर आजून उजेड व्हता, पण खाटंखाली अंधार. वर जिथं दोन पट्ट्या सोडलेल्या, तितं तिची पाठ दिसत व्हती. जखम त्यांनी बगितलीच. पण जखमंच्या भोवती तिच्या कातड्यावर त्यांचीच नवार उमटली व्हती, उभं आडवं, काठाच्या दोन रेघांसकट. दुसऱ्या कुणाला ती वळखू आली नसती. त्यास्नी आली. आपलं इणकाम माणूस आंधारात बी वळखतं.

हात वर करून त्यांनी त्या रेघंवरनं एक बोट फिरवलं. आत्या म्हणली, "गार हाय तुमचा हात." मामा बाहीर आले, रांजणावर जाऊन तोंड धुतलं, आन् माझ्याकडं पाठ करून इचारलं, "किती हाताला एक?"

"तीन."

"टोकं उसवतील. आशी कापलेली टिकत न्हाय. टोकाला घट्ट इणून बंद करावं लागतंय." मागाजवळ गेले, उजेड आसंपातुर ताणा लावला. दुसऱ्या दिवशी पहाटं मी उठले तवा ठोक्याचा आवाज येत व्हता. पण ठोका येगळा. जनमभर ह्या माणसानं फळी हाणली ती दणादण, नवार फळकुटागत व्हईपातुर. त्या दिवशी पहिल्यांदा ते हळू ठोकत व्हते. मऊ पट्टी इणत व्हते. घर सोडून जा म्हणलेलं त्यांनी परत काढलं न्हाय, मी बी काढलं न्हाय. चहा नेऊन ठेवला, त्यांनी घेतला, झालं.

मंग आमचा कार्यक्रम ठरला. गौरम्मा उंबऱ्यात बिड्या वळायची. आठ बंडलं वळून झाली की हाक मारायची, "मायाक्का, पट्टी." की मी खाटंखाली. एक बांधायची, दुसरी सोडायची. रातीला गौरम्मा झोपली की मामा उठायचे, ते आपोआप जागे व्हायचे. हळूहळू त्यांनी मला खाटंखाली जाऊच दिलं न्हाय. दहा दिवसांत जखमंची कड गुलाबी झाली. डाक्टर आले, खाली वाकून एकएक पट्टी बगितली. "हे कुणी सुचवलं?" इचारलं.

आत्यानं आढ्याकडं बोट दाखवलं. डाक्टरनी वर बगितलं, कोळी बगितला, आन् मला इचारलं, "ह्यांना ताप आहे का?"

बार्शीच्या लेकीला पलंग लगीन झाल्यावर महिन्यानं मिळाला. मामा सोता जाऊन पाया पडून आले. त्यापायी लगीन काय मोडलं न्हाय.

अडीच महिन्यानं वजन काढलं. मामानी आढ्याच्या लाकडाला एक पट्टी टांगली, तिला धरून आत्या उठून बसली. दुसरी पट्टी तिच्या कमरंला गुंडाळली आन् तिची दोन टोकं मी मागनं धरली, म्हंजी पडली तरी भुईवर जायची न्हाय. तशी ती पहिल्या दिवशी तीन पावलं चालली, आन् तीन पावलांत चार येळा मला म्हणली की मी धरतीय ते बरोबर न्हाय.

"बऱ्या झाला आत्या," मी म्हणलं. "आता तुमचं नाव काढते की बोळभर."

"माझं नाव काढणारा दुसराच हाय," ती म्हणली आन् मागाकडं बगितलं. मामांचा ठोका जरा चुकला. पण मान वर न्हाय.

कारण तसंच व्हतं. त्या सांजंनंतर मामानी पुन्ना "आगं ए" सुरू केलं व्हतं. आत्यानं एक दोनदा इचारलं बी, "त्या दिवशी दारात काय म्हणत व्हता?" मामा म्हणायचे, "कवा?" सगळ्या बोळानं ऐकलेलं, आन् हे कवा म्हणून इचारतंय. ती मंग वर कोळ्याकडं बगायची. मला बाईचा राग यायचा आन् कीव बी यायची. मरायला टेकल्याबिगर ज्या माणसाच्या तोंडातनं नाव निगत न्हाय, त्याच्याकडं जगून काय मागायचं?

श्रावणात मामानी नवी नवार इणली. साठ हात, बिनसांध्याची, आन् मऊ. सतरा पट्ट्या सोडल्या, धुतल्या आन् खुंटीला टांगल्या. ह्या बोळात कुणी पडलं झडलं तर लागतील म्हणून. खाट अंगणात काढली. नवार बांधायला दोन माणसं लागत्यात, एकानं टोक धरून बसायचं, दुसऱ्यानं ओढत न्यायचं. मी पदर खोचून फुडं झाले.

मामा म्हणले, "तू नगं." मी मागं सरून ओसरीला टेकले.

मंग त्यांनी नवारीचं टोक हातात घेतलं. घसा खाकरला. आत्या ओसरीवर काठी घेऊन बसली व्हती, गहू निवडत.

"गोजा," मामा म्हणले, "टोक धर."

आत्याचं सूप जागच्या जागी थांबलं. तिला ऐकू आलं व्हतं, मी तिच्या शेजारीच उभी व्हते. आख्ख्या बोळाला ऐकू आलं आसंल. तरी ती काठी घेऊन सावकाश उठली, एक पाऊल टाकलं, आन् कानाला हात लावून म्हणली, "काय म्हणला?"

मामानी पुन्ना हाक मारली.